पुरून उरणारा शब्द

भंडारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत कुणी वारले की अंत्ययात्रेला निघालेला माणूस 'मातीले चाललो' एवढेच सांगतो. देह चितेवर चढणार आहे की खड्ड्यात उतरणार आहे, याने त्याच्या बोलण्यात फरक पडत नाही. झाडीपट्टीच्या बोलीत माणसाचा शेवटचा विधी म्हणजे 'माती'. अग्नी, मंत्र, प्रार्थना, चादर, क्रूस हे सारे ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे. शब्द मात्र सगळ्यांचा एकच. शिष्ट मराठीलाही हे ठाऊक आहे. वर्तमानपत्रे ज्याला आदराने 'पार्थिव' म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ तरी काय? पृथ्वीचे, मातीचे.

आम्हां कॅथलिक कुटुंबांची गोष्ट मात्र थोडी चमत्कारिक आहे. दर रविवारी मिस्साविधीत विश्वासांगीकार म्हणताना प्रभू येशू मरण पावला, पुरला गेला आणि पुन्हा उठला, असे आपण एका दमात म्हणतो. 'पुरला' हा शब्द तिथे कुणाला खटकत नाही. पण आपल्याच घरात मृत्यू येतो तेव्हा तो शब्द नाहीसा होतो. चर्चच्या फलकावर 'दफनविधी' लिहिलेले असते, छापील कार्डावर 'अंत्यसंस्कार', वर्तमानपत्रात 'ख्रिस्तवासी' किंवा 'प्रभुचरणी विलीन', आणि मुलांच्या तोंडी 'बरियल'. प्रभूला आपण पुरतो; आपल्या आईबापांना पुरत नाही, त्यांचा 'विधी पार पडतो'. ही तफावत केवळ शब्दांची आहे की तिच्यामागे आणखी काही आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. तफावत शब्दांपेक्षा खोल आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम हाताशी असलेले शब्द तपासू. 'गाडणे' हा शब्द मातीखाली दडपण्याचा आहे. त्यात राग आहे, घाई आहे. 'जमिनीत गाडीन' अशी धमकी देतात; दरड कोसळून माणसे गाडली जातात. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीवर पोट असलेल्या कोणत्याही कुटुंबाला 'गाडला गेला' या शब्दांचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. ज्याला प्रेमाने निरोप द्यायचा त्याच्यासाठी हा शब्द उपयोगाचा नाही. 'समाधी' हा शब्द आदराचा. पण तो संन्यासी व संतमहंतांसाठी राखलेला. तो सर्वांना लावला तर त्याचे तेज जाते, आणि साध्या माणसाच्या साधेपणावरही अन्याय होतो.

'मूठमाती' हा फार सुंदर शब्द होता. खड्ड्याच्या काठाशी उभे राहून प्रत्येकाने एक मूठ माती टाकावी, यापेक्षा बोलकी कृती कोणती? पण गेल्या शंभर वर्षांत लेखकांनी व वक्त्यांनी इतक्या रूढींना, समजुतींना आणि वादांना मूठमाती दिली, की आता या शब्दातून 'कायमचे संपवणे' एवढाच अर्थ ऐकू येतो. नेमका तोच अर्थ आपल्या श्रद्धेला मान्य नाही.

'दफन' या शब्दाबद्दल थोडे सांभाळून बोलले पाहिजे. तो अरबीतून आला म्हणून परका, असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. 'इगर्जी' आणि 'पाव' हे शब्दही समुद्रापलीकडून आले आणि घरचे झाले. शिवाय अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक आपल्या बायबलात येशूच्या पुरले जाण्यासाठी याच धातूचे क्रियापद वापरतात. तेव्हा 'दफन' हा केवळ मुसलमानांचा शब्द, हा समजही खरा नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. मराठीत 'दफन' नाम म्हणून आला आणि सरकारी कागदांच्या संगतीत वाढला. 'दफनभूमी', 'दफन दाखला', 'दफनविधी संपन्न झाला'. या वाक्यांत कर्ता नाही. कुणी खणले, कुणी उतरवले, कुणाच्या नखांत माती गेली, हे कळत नाही. काम झाल्याची नोंद मिळते. काम करणारी माणसे दिसत नाहीत.

आता 'पुरणे'. हा शब्द संस्कृतातील 'पूर्' या धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ भरणे. पूर्ण, पूर, पुरवठा, पुरवणी, पुरे, पुरेसे आणि सणासुदीच्या पोळीतले पुरण ही सारी याच कुळातली भावंडे. खड्डा भरून काढणे म्हणजे पुरणे, आणि खड्ड्यात ठेवून वरून भरणे म्हणजेही पुरणे. मराठी माणसाने मृतासाठी शब्द निवडताना रिकामे होण्याचा धातू न घेता भरण्याचा घेतला. घरात एक जागा रिकामी झाली आहे, आणि त्याच दिवशी गावकुसाबाहेर एक जागा भरली जात आहे. दुःखाच्या वेळी हे कुणाच्या ध्यानी येत नाही. भाषेने मात्र ते जपून ठेवले आहे.

या शब्दाचे दुसरे अंग 'पुरेसे होणे' हे. 'पुरले' या एकाच रूपात दोन्ही अर्थ नांदतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पूर्वी धान्य जमिनीतल्या पेवात साठवीत. पेवात पुरलेले धान्य वर्षाला पुरे. जमिनीत ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हते. पुढच्या दिवसांची तरतूद होती. धनसुद्धा लोक पुरून ठेवत, ते नको होते म्हणून नव्हे, तर मोलाचे होते म्हणून. शेतात पुरलेल्या ठेवीचा दृष्टांत प्रभू येशूने सांगितला, तो ऐकणाऱ्यांना समजावून सांगावा लागला नाही. मराठी शेतकऱ्यालाही लागणार नाही.

तिसरे अंग याहून जवळचे. बाळ जन्मले की त्याची नाळ पुरतात. 'माझी नाळ इथे पुरली आहे' असे म्हटले की मराठीत त्यापुढे जन्मगावाचा दाखला लागत नाही. म्हणजे आयुष्याच्या दोन्ही टोकांना हेच क्रियापद उभे आहे. येताना आपला एक अंश या मातीत पुरला जातो, जाताना सगळा देह पुरला जातो. मधल्या काळात माणूस कुठेही भटको, त्याचे गाव या दोन खड्ड्यांनी ठरते.

कुणी म्हणेल की पुरणे ही मुळात परधर्मीयांची रीत. मराठी मुलखाची रीत दहनाची, म्हणून शब्दही ओशाळतो. हे इतिहासाला धरून नाही. विदर्भात नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड येथे महापाषाणयुगातील शिळावर्तुळे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात या लोकांनी आपल्या मृतांना मातीत ठेवले आणि सोबत मडकी, लोखंडी अवजारे, काही ठिकाणी घोड्याचे अलंकारही ठेवले. जुन्या भंडारा जिल्ह्यातील तिल्लोता खैरीच्या प्राचीन दगडी अवशेषांची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरात आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वीचा तो मोठा जिल्हा. याच परिसरातील गोंड समाजात पुरण्याची रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली. लिंगायत पुरतात. गोसावी पुरतात. आणि जे एरवी दहन करतात, त्यांच्याही घरचे तान्हे मूल गेले तर त्याला मातीच्याच स्वाधीन करतात. आई जिला आपले बाळ देते, ती माती कोणत्याही घराला परकी नाही.

या यादीत महानुभाव पंथाचा उल्लेख मुद्दाम शेवटी केला, कारण आमच्या विषयाचे दुसरे दार तिथे उघडते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या परिवारात जे आले, त्यांत नीळभट्ट भांडारेकर यांचे नाव येते. भंडाऱ्याचे नाव त्यांच्या आडनावातच आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ मानला जाणारा म्हाइंभटांचा 'लीळाचरित्र' याच पंथाचा. महानुभावांत मृतदेह पुरतात, आणि त्यांच्या जुन्या मराठीत या कृतीसाठी 'निक्षेप', 'निक्षेपणे' असे शब्द आहेत. निक्षेप म्हणजे ठेव. धर्मशास्त्रात व्यवहाराची जी अठरा प्रकरणे सांगितली आहेत, त्यांत निक्षेप हे एक आहे: विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली आणि मागताच परत द्यावयाची वस्तू. महानुभावांनी सावकारीचा हा शब्द स्मशानात नेला. देह मातीला दान दिला नाही, विकला नाही, ठेवायला दिला.

आता हा शब्द पुन्हा कुठे भेटतो ते पाहा. गोव्यात कॅथलिक भाविक कोकणीत विश्वासांगीकार म्हणतात, तेव्हा येशूच्या पुरले जाण्यासाठी 'निखेपिलो' हे क्रियापद येते. पुरण्याच्या विधीला कोकणी ख्रिस्ती 'निखेप' म्हणतात. निखेप म्हणजे निक्षेपच. उच्चार तेवढा लोकांच्या जिभेवर झिजला आहे. महानुभाव पंथाचा शब्द आणि मांडवीकाठच्या ख्रिस्ती प्रार्थनेतला शब्द एकाच मुळाचे निघतात. एकाने दुसऱ्याकडून घेतला, असे आम्ही म्हणत नाही. दोघांनीही तो भाषेच्या सामाईक भांडारातून उचलला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेण्यास मागेपुढे पाहिले नाही. त्या काळच्या मिशनऱ्यांना एक गोष्ट कळली होती: श्रद्धा दुरून आली तरी तिचे शब्द अंगणातल्या मातीतूनच उगवावे लागतात.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रभू येशूचा देह खड्ड्यात घालून वर माती लोटलेली नव्हती. अरिमथाईकर योसेफाने खडकात खोदलेल्या आपल्या नव्या कबरेत तो ठेवला आणि तोंडाशी धोंड लोटली. भरणे हा अर्थ काटेकोरपणे घेतला, तर ती कबर कधी 'पुरली' गेलीच नाही. ती पोकळच होती. त्या घटनेचे वर्णन म्हणून कोकणीतला 'निखेपिलो' अधिक अचूक आहे, कारण त्यात ठेवणे आहे. ग्रीक व लॅटिन मूळ शब्द दोन्ही रीतींना सामावून घेतात. मराठीला एक निवड करावी लागली. तरीही मराठी अनुवादकांनी 'पुरणे' निवडले ते योग्यच केले, असे आम्हांस वाटते. श्रद्धेचा शब्द घटनेशी जुळला पाहिजे, तसाच म्हणणाऱ्याच्या हातांशीही जुळला पाहिजे. खडकातली लेणी आपल्या ओळखीची नाहीत. फावडे आणि घमेले ओळखीचे आहे. 'पुरला गेला' म्हणताना भाविकाला आपण स्वतः पाहिलेला खड्डा आठवतो. देवाचा पुत्र आपल्या बापाच्या, आपल्या भावाच्या शेजारी उतरला, हे त्याला त्याच क्षणी कळते.

'पुरला गेला' हे रूपही लक्षात घेण्यासारखे आहे. माणूस पुष्कळ गोष्टी स्वतः करतो. स्वतःला पुरणे त्याला जमत नाही. श्रीमंत असो की गरीब, शेवटचे काम दुसऱ्याच्या हातांवर सोपवावे लागते. ज्याने आंधळ्यांना दृष्टी दिली, लाझाराला कबरेतून हाक मारली, तो स्वतः मात्र योसेफ आणि निकदेम यांच्या हातांवर निवांत पडून राहिला. म्हणूनच मृतांना पुरणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या शारीरिक कृत्यांत सातवे मानले. तोबित या भक्ताची कथा आपल्या बायबलात आहे. परमुलखात, राजाचा राग ओढवून घेऊन, तो आपल्या लोकांची बेवारस प्रेते उचलून पुरत असे; एकदा ताटावरचे जेवण टाकून उठला. त्याने कोणते मोठे प्रवचन केले, हे कुणाला आठवत नाही. त्याने पुरले, हे आठवते. या कृत्याला 'विधी पार पडला' असे म्हटले, तर तोबितच त्यातून वगळला जातो.

पुरण्याला हात लागतात, तशी जमीनही लागते. आणि इथे हा शब्द आपल्या काळाला येऊन भिडतो. सारा मरण पावली तेव्हा आब्राहामाने हित्ती लोकांपुढे उभे राहून, मी तुमच्यात उपरा आहे, मला पुरायला जागा द्या, अशी विनंती केली आणि एफ्रोनाला ४०० शेकेल रुपे मोजून मखपेलाचे शेत व गुहा विकत घेतली. वचनदत्त देशात त्याच्या मालकीची झालेली पहिली जमीन म्हणजे एक कबर. ही कथा जुनी झालेली नाही. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोविडने मृत्यू पावलेल्यांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि काही तासांतच मागे घेतले. वांद्र्याच्या कबरस्तानात अशा मृतांना पुरण्यास हरकत घेणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात फेटाळल्या.

याहून बोचरे प्रकरण आपल्या शेजारच्या छत्तीसगढचे. बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा गावचे एक ख्रिस्ती पाळक ७ जानेवारी २०२५ रोजी वारले. त्यांना त्यांच्याच गावात पुरण्यास गावकऱ्यांनी विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ जानेवारीला निकाल लागला तेव्हा दोन न्यायमूर्तींची मते भिन्न होती. कुटुंबाच्या खासगी जमिनीत पुरू द्यावे, असे एकाचे मत. ठरवून दिलेल्या जागीच पुरावे, असे दुसऱ्याचे. अखेर देह आणखी खोळंबू नये म्हणून दूरच्या करकापाल येथील ख्रिस्ती स्मशानभूमीत पुरण्याचा आदेश दोघांनी मिळून दिला. सुमारे वीस दिवस तो देह शवागारात होता. कायद्याची बाजू कायदेपंडितांनी सांगावी. आम्ही फक्त शब्दाकडे पाहतो. ज्या गावाशी माणसाची नाळ जडलेली, त्याच गावात त्याला पुरायचे नाही, असे ठरते तेव्हा वाद साडेतीन हात जमिनीचा राहत नाही. तू आमच्यातला की नव्हेस, हा प्रश्न होतो. अशा वेळी 'दफनविधी' हा शब्द फार पातळ पडतो. मुलाला बापाला पुरायचे आहे. त्याला विधी पार पाडायचा नाही.

भंडारा जिल्ह्यात, नागपूर महाधर्मप्रांताच्या या पूर्वेकडच्या भागात, कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. अशा ठिकाणी आपण कोणते शब्द वापरतो याला अधिक महत्त्व येते, कारण शेजारी ते ऐकत असतात. शेजारी 'मातीले' येतात. खड्ड्याशी उभे राहतात. त्यांना 'दफनविधी' हा शब्द दूरचा वाटतो आणि 'बरियल' तर कळतही नाही. 'बाबांना उद्या पुरायचे आहे' हे कळते, कारण त्यांनीही कधीतरी कुणाला, निदान एखाद्या तान्ह्या जिवाला, पुरलेले असते.

हा जिल्हा भाताचा आहे, म्हणून आणखी एका शब्दाकडे वळणे भाग आहे. आषाढात पऱ्हे उपटून बांधीत रोवणी चालते, तेव्हा माणसे दिवसभर वाकून चिखलात हात घालतात. गव्हाचा दाणा मातीत पडून मेल्यावाचून पीक येत नाही, हे प्रभूचे बोलणे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. इथला शेतकरी ते धानावर पडताळून पाहतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात संत पौल आरंभी ख्रिस्त मेला, पुरला गेला व उठवला गेला असा क्रम सांगतात. मात्र पुढे आपल्या देहांविषयी बोलताना पुरण्याऐवजी पेरण्याची भाषा वापरतात. मूळ ग्रीकमध्ये हे दोन शब्द एकमेकांपासून दूर आहेत. मराठीत 'पुरणे' आणि 'पेरणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. हा केवळ योगायोग. दोन्हींची व्युत्पत्ती निराळी. पण चांगल्या भाषेतले योगायोग फुकट घालवू नयेत. स्मशानातून परतणारा माणूस जी कृती पुरणे म्हणून करून आला, तीच पेरणे होती, असे पौल त्याला सांगतात. काय पेरले ते आज दिसत नाही, एवढेच.

दहनाचा प्रश्न राहतो. १९६३ पासून ख्रिस्तसभेने दहनाला मुभा दिली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेने पुरण्याची प्रथा जपावी अशी कळकळीची शिफारस करून दहनाला मनाई केलेली नाही. २०१६ साली रोमहून आलेल्या सूचनेत राख वाऱ्यावर वा पाण्यात सोडू नये, पवित्र जागी ठेवावी, असे सांगितले गेले. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना राख नदीत सोडण्याची रीत परिचयाची आहे, आणि शेजाऱ्यांच्या त्या रीतीचा आपण आदर करतो. आपल्यासाठी मात्र दहनानंतरही एक काम उरते: ठेवण्याचे. याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. स्तूप या वास्तूची कल्पनाच दहनानंतर उरलेले अवशेष आदराने जपण्यातून आली. जाळले तरी ठेवायचे असते, हे या मातीला नवे नाही. अशा प्रसंगी 'पुरणे' ओढून ताणून वापरण्यापेक्षा 'निक्षेप' चपखल बसतो. राखही ठेवच आहे.

तर मग काय करावे? दफन हा शब्द बाद करावा, असा आमचा आग्रह नाही. नगरपालिकेच्या अर्जावर तो खुशाल राहावा. पण घरात, प्रार्थनेत आणि चर्चच्या सूचनेत 'पुरणे' परत यावे. 'अमक्यांचा देह उद्या दुपारी चार वाजता आपल्या स्मशानभूमीत पुरला जाईल. मूठभर माती द्यायला यावे', एवढी सूचना पुरेशी आहे. ज्यांना ती उघडीवाघडी वाटते, त्यांनी आपण ती प्रभूविषयी दर आठवड्याला उच्चारतो, हे आठवावे. जे प्रभूला लाजिरवाणे नव्हते, ते आपल्या आजोबांना लाजिरवाणे कसे होईल? कबरेवरच्या दगडासाठी किंवा स्मरणिकेसाठी गंभीर नाम हवे असेल तर 'निक्षेप' लिहावे. आरंभी कुणी अर्थ विचारील. सांगावा. ठेव म्हणजे काय, हे बचतगटातल्या बाईलाही ठाऊक असते.

आणि मुलांना विश्वासांगीकार शिकवताना या शब्दावर क्षणभर थांबावे. मरणापासून पुनरुत्थानापर्यंत एकदम उडी मारण्याची आपल्याला घाई असते. 'प्रभूघरी गेले', 'स्वर्गवासी झाले' या शब्दांत खड्डा दिसत नाही. जणू माणूस घरातून थेट वर गेला. विश्वासांगीकार तशी उडी मारत नाही. तो खड्ड्यापाशी थांबतो. शुभ शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्या मध्ये एक मुका शनिवार आहे, तो याच शब्दाचा दिवस. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, ती माणसे कित्येक महिने त्या शनिवारातच राहत असतात. त्यांना घाईने रविवार ऐकवला, तर तो त्यांच्या कानात शिरत नाही. प्रभूदेखील या दिवसातून गेला, एवढे त्यांना सांगता आले तर पुष्कळ झाले. आणि ते सांगायला 'पुरला' याखेरीज दुसरा शब्द आपल्यापाशी नाही. रोमकरांस लिहिताना संत पौल तर याहून पुढे जातात: बाप्तिस्म्यात आपण त्याच्याबरोबर पुरले गेलोच आहोत, असे सांगतात. म्हणजे आपल्यातल्या प्रत्येकाने हा शब्द एकदा अनुभवलेला आहे.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, 'पुरून उरणे'. सगळ्यांची गरज भागवून वर शिल्लक राहावे, सगळ्यांशी झुंजून पुन्हा उभे असावे, अशा माणसाला तो दहाजणांना पुरून उरला असे म्हणतात. ज्याने हा वाक्प्रचार प्रथम उच्चारला, त्याच्या मनात कबर नव्हती. पुरेसे होणे होते. पण 'पुरणे' या शब्दाची दोन्ही अंगे एकदा ध्यानात घेतली की ख्रिस्ती माणसाला तो वाक्प्रचार निराळा ऐकू येतो. पाच भाकरी पाच हजारांना पुरल्या आणि बारा टोपल्या उरल्या. योसेफाच्या कबरेत पुरला गेलेला देह तिसऱ्या दिवशी उरला. विश्वासांगीकारातील दोन वाक्ये मराठीने दोन शब्दांत आणून ठेवली आहेत: पुरला, उरला. इतके देणारा शब्द आपण केवळ फार साधा म्हणून दाराबाहेर ठेवावा, हे बरे नव्हे. येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या दिवशी, कबरांवर मेणबत्त्या लावताना मुलाने 'इथे काय आहे?' असे विचारले, तर 'इथे आम्ही तुझ्या आजीला पुरले' असे सरळ सांगावे. त्याचा पुढचा प्रश्न आपोआप येईल, आणि त्याचे उत्तरही आपल्याला ठाऊक आहे.